इंजिनाचा ठोका

सोमवार, २३ नोव्हेंबर १९६४
सावंगी

शेवटी आले! चिखलीच्या एस.टी.ने फाट्यावर सोडलं आणि तिथून ट्रंक डोक्यावर घेऊन चालत गाव गाठलं. दोन्ही बाजूंना कपाशीची वेचणी चालू होती. एका बाईने वाकल्या वाकल्याच विचारलं, कोणाची पाव्हणी व्हय वं? मी म्हटलं, शाळेतली नवी मास्तरीण. दुसरी म्हणाली, एवढीशी? इले तं पोरीच शिकवतीन! सगळ्या हसल्या, मीही हसले. पहिल्याच दिवशी कोणी हसून स्वागत केलं तर त्यात वाईट काय?

खोली मिळणं अवघड गेलं. हेडमास्तरांनी दोन-तीन घरी विचारलं, पण माझं आडनाव कळलं की रिकामी खोली भरलेली निघायची. मग वामनरावांनी आपण होऊन खोली दिली. ते गावातले मोठे शेतकरी. साठीचे, उंच, हळू बोलणारे. खोली त्यांच्या मोटारीच्या शेडला लागून आहे. पांढरी स्वच्छ, एक खिडकी, एक कोनाडा. शेडकडच्या खोलीत गावातलं कोणी राहत नाही, असं हेडमास्तर सहज बोलून गेले. पेट्रोलचा वास येतो म्हणून असेल. मला तर तो आवडला.

वामनरावांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी चहा दिला. माझी कपबशी त्यांनी नंतर वेगळ्या ठिकाणी ठेवली. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. चहा चांगला होता.

निघताना बाबा खामगावच्या स्टँडवर आले होते. जिनिंग फॅक्टरीतून तसेच, नखांत तेल घेऊन. आमच्या घरात मॅट्रिकपर्यंतसुद्धा कोणी गेलं नव्हतं, मी बी.एस्सी. झाले. बाबा एवढंच म्हणाले, तू बोलत जाय सिंधू. आमचं तं तोंड उघडलंच नाई. मी बोलणार आहे, आणि पोरींनाही बोलायला लावणार आहे.

रविवार, २९ नोव्हेंबर

आज मोटार पाहिली. जुनी विलायती गाडी आहे, काळी, लांबलचक, अजून चकचकीत. वामनरावांच्या वडिलांनी घरच्या बायकांसाठी तिच्यात बदल करून घेतले होते. पुढची आणि मागची बैठक यांच्यामध्ये लाकडी फळी, फळीवर जाड काच, काचेला मागून काळा पडदा. खिडक्याही न उघडणाऱ्या, त्यांनाही पडदे. मागच्या दारांना आतून मुठी नाहीत. मुलं चालत्या गाडीत दार उघडतात म्हणून काढून टाकल्या म्हणे. बाहेरून कोणी उघडलं तरच उतरायचं.

वामनराव दर रविवारी गाडी सुरू करतात, शेडमध्येच. आज मी खिडकीत उभी होते. हँडल मारलं, इंजिन सुरू झालं, आणि मग तो आवाज आला. टक. टक टक. थांबून पुन्हा टक.

मी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. त्यांचा मुलगा भगवानराव बुलढाण्याला सरकारी कचेरीत असतो. त्याची पहिली बायको जनका. तीन वर्षांपूर्वी तिला दिवस भरायच्या आधीच दुखायला लागलं, तेव्हा वामनराव स्वतः तिला याच गाडीतून चिखलीच्या दवाखान्यात घेऊन निघाले. त्या दिवशी हा ठोका सुरू झाला. इंजिन बंद पडेल या भीतीने ते जागोजागी थांबले, बॉनेट उघडून पाहिलं, दोष सापडला नाही. पोचेपर्यंत जनका गेली होती. तेव्हापासून गाडीत ठोका आहे. मेकॅनिकने दोनदा इंजिन खोललं, त्याला काही मिळालं नाही.

आता भगवानरावांची दुसरी बायको अन्नपूर्णा हिचे दिवस जानेवारीअखेर भरतात. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण इथेच. गावात दुसरी मोटार नाही. एस.टी. दिवसातून एकदा, तीही फाट्यावरून. वामनराव म्हणाले, त्या वेळी मी आवाजाकडे आधीच लक्ष दिलं असतं तर पोरगी वाचली असती. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही.

मी म्हटलं, प्रत्येक आवाजाला कारण असतं. मी शोधून देते.

रविवार, ६ डिसेंबर

सकाळी कोनाड्यातल्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि मग पदर खोचून शेडमध्ये गेले.

लहानपणी मी जिनात बाबांची भाकर घेऊन जायची. बाबा बाभळीच्या काठीचं एक टोक यंत्राच्या बेअरिंगवर ठेवायचे, दुसरं कानाला लावायचे आणि सांगायचे, हे रडून राह्यलं, याले तेल पाह्यजे. तशीच काठी आज केली. वामनरावांनी गाडी सुरू केली. मी एकेका प्लगची वायर काढून पाहिली. पिस्टनचा ठोका असता तर त्या त्या प्लगला बदलला असता. बदलला नाही. मग त्यांना पेट्रोल वाढवायला सांगितलं. इंजिन जोरात फिरलं की इंजिनाचा ठोकाही जलद झाला पाहिजे. तोही झाला नाही. इंजिन आपल्या वेगाने, ठोका आपल्या वेगाने.

वामनरावांना काठी कशी लावायची ते दाखवलं. शाळकरी मुलासारखे ते डोळे मिटून ऐकत होते, मान हलवत होते. मला बरं वाटलं. माझ्या बाबांची विद्या ते शिकले.

अन्नपूर्णा दाराआडून बघत होती. एकोणीस-वीसची असेल, गोल चेहऱ्याची, सदा हसरी. पण सासऱ्यांसमोर आली की पदर कपाळापर्यंत आणि तोंड बंद. या घरात सून सासऱ्याशी बोलत नाही. सासराही सुनेला तू-तुम्ही म्हणत नाही, हवेत बोलतो. आज वामनराव ओसरीच्या खांबाकडे बघून म्हणाले, दूध घ्यावं, ऊन लागत असेल तर आत बसावं. ते गेल्यावर अन्नपूर्णा मला म्हणाली, पाह्यलं? मामंजी खांबासंगच बोलतात. खांबालेच नातू होईन वाटते!

रविवार, १३ डिसेंबर

सापडलं! पंख्याजवळची एक पट्टी सैल होती. आवळली. गाडी सुरू केली, बराच वेळ चालू ठेवली. ठोका नाही. वामनरावांनी टोपी काढून डोळे पुसले. मनकर्णाबाईंनी मला ओसरीवर बोलावून गूळ-शेंगदाणे दिले, पण गाडीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या शेडमध्ये कधी पाऊल टाकत नाहीत.

दुपारी अन्नपूर्णाला शिकवलं. गाडीत त्रास झाला तर मोठ्याने म्हणायचं, मामंजी, गाडी थांबवू नका, लवकर चला. तिने पदराचा बोळा तोंडात धरून म्हणून पाहिलं आणि हसून हसून खाली बसली. म्हणाली, बाई, तुमाले सासू-सासरा नाई म्हणून जमते. एकडाव लगन होऊ द्या, मंग पाहू तुमचा आवाज. मी म्हटलं, तुझा आवाज नाही निघाला तर माझा आहे. मी येईन तुझ्याबरोबर. तिने लगेच माझ्या हातावर हात मारला. म्हणाली, पक्कं?

पक्कं.

रविवार, २० डिसेंबर

ठोका परत आला आहे.

आज नीट, क्रमाने शोधलं. काठी इंजिनावर ठेवली तर आवाज दूर वाटतो. डॅशबोर्डवर ठेवली तर जवळ येतो. पुढच्या बैठकीवर आणखी जवळ. फळीवर स्पष्ट. आवाज इंजिनात नाहीच, हे मला आधीच कळायला हवं होतं.

वामनराव पाणी आणायला आत गेले तेव्हा मी मागचं दार उघडून आत बसले आणि काठी दाराच्या आतल्या पत्र्यावर ठेवली. तिथे तो होता. काठीच्या टोकाखालीच. टक टक टक. मी हाक मारून सांगणार होते की गाडी बंद करा, मग लक्षात आलं, वामनरावांनी जातानाच इंजिन बंद केलं होतं.

कान काढला नाही. का ते माहीत नाही. ऐकत राहिले. ठोका थांबायचा, वाट बघितल्यासारखा, मग पुन्हा यायचा.

पत्रा तापला, निवला की वाजतो. धातू आकुंचन पावतो. हे मी सातवीला शिकवते.

डाव्या कानाला बधिरपणा आला आहे. काठी जोरात दाबल्यामुळे असेल.

रविवार, २७ डिसेंबर

बधिरपणा डाव्या खांद्यापर्यंत आला आहे. दुखत नाही. सुईने टोचून पाहिलं, काही नाही.

आज वामनरावांनी शेडमधून हाक मारली. मी दारात गेले. त्यांनी विचारलं, ठोका कशाचा ते समजलं का. आवाज इंजिनात नाही, तुम्ही इंजिन तपासू नका, हे वाक्य मी सकाळपासून मनात तयार ठेवलं होतं. तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. डावा हात वर गेला आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला. मी ओढला नाही, हाताने ओढला.

 ते शेडच्या खांबाकडे बघून म्हणाले, बरं नसेल तर आराम करावा.

खोलीत आल्यावर मी मोठ्याने आवर्तसारणी म्हणून पाहिली. आवाज ठणठणीत आहे. शाळेतही बोलते, अन्नपूर्णाशी बोलते. फक्त त्यांच्यासमोर नाही.

मंगळवार, ५ जानेवारी १९६५

मनकर्णाबाईंनी सांगितलं. तूर निवडत होत्या. मी विचारलं नव्हतं. माझा डोक्यावरचा पदर त्यांनी पाहिला आणि सूप खाली ठेवलं.

जनका गेली त्या दिवशी त्या भावाच्या गावी होत्या. घरात दुसरी बाई नव्हती. वामनरावांनीच तिला मागे बसवलं, मर्यादा म्हणून पडदा ओढला, दार लावलं. वाटेत ठोका ऐकू आला. ते थांबले, बॉनेट उघडलं. बंद करून निघाले, पुन्हा ठोका. पुन्हा थांबले. दर वेळी काचेकडे पाठ करून विचारलं, त्रास होत असेल तर सांगावं. आतून उत्तर आलं नाही. त्यांना वाटलं, पोरीला झोप लागली.

प्रेताला आंघोळ मनकर्णाबाईंनी घातली. जनकाच्या डाव्या हाताच्या बोटांची सालटं निघाली होती. फुटकी बांगडी दाराच्या पत्र्याला घासलेली. तिनं तोंड कसं उघडावं बाई, त्या म्हणाल्या. सासऱ्यासमोर आवाज काढायची सवय नाई. ठोकलं बिचारीनं. ठोकतच राह्यली. अन् ते इंजिनात पाहून राह्यले.

मी विचारलं, हे वामनरावांना का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, त्याइले सांगतलं तं ते जगतीन का? तीन वर्ष मी हेच गिळून राह्यली. तुम्ही बी सांगू नका.

मी म्हटलं, अन्नपूर्णाला आजच चिखलीला दवाखान्याजवळ कुठेतरी ठेवू. त्या म्हणाल्या, पौष लागला. पौषात गरवारीण घरातून हलवत नाहीत. अमावास्या झाली की पाहू. भगवानरावांना मी पत्र टाकलं. 

तूर तशीच पडून राहिली. मी थोडी निवडली.

गुरुवार, १४ जानेवारी

संक्रांत. भगवानरावांचं उत्तर आलं, आई म्हणेल तसं. गावात बायका बांगड्या भरत होत्या. मी कधी भरत नाही. संध्याकाळी पाहिलं तर माझ्या डाव्या हातात हिरव्या होत्या. अन्नपूर्णा म्हणते, तुम्हीच तं हात पुढं केला माझ्यासंग. कासारीण हसली बी.

आठवत नाही.

वाईटही वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

बुधवार, २० जानेवारी

ठरवून गेले. मनकर्णाबाई सांगू नका म्हणाल्या होत्या, पण कोणाचा जीव वाचत असेल तर शपथही मोडावी, आणि मी तर शपथ घेतलीही नाही. वामनराव ओसरीवर एकटे होते. समोर उभी राहिले. छातीतून वाक्य वर आलं, गळ्यापर्यंत आलं. तिथे कोणीतरी हात ठेवल्यासारखं —

कागदावर लिहून नेलं. इतकंच लिहिलं होतं, काहीही ऐकू आलं तरी गाडी थांबवू नका. मनकर्णाबाईंनी वाटेतच कागद घेतला. वाचून चुलीत घातला. मग म्हणाल्या, एवढं मीच सांगतो त्याइले.

त्यांनी सांगितलंही. मी दाराआडून ऐकलं. वामनराव चिडले नाहीत. समजावल्यासारखे म्हणाले, न थांबता कसं चालेल? मागच्या वेळी इंजिनाकडे नीट पाहिलं नाही म्हणून तर ती गेली. या वेळी जरा जरी ठोका आला तरी थांबेन. बाईंनी शिकवलेली काठी गाडीतच ठेवली आहे.

मनकर्णाबाई गप्प बसल्या. मीही.

रविवार, २४ जानेवारी

रजा टाकून बाबांकडे जायचं होतं. ट्रंक भरली. अन्नपूर्णा दारात येऊन उभी राहिली. पोट खूप खाली आलं आहे. म्हणाली, पक्कं म्हटलं होतं ना?

ट्रंक रिकामी केली.

डावा हात रात्रंदिवस भिंतीवर आपटतो. उशीखाली दाबून ठेवते. दुखत नाही.

शुक्रवार, २९ जानेवारी

गाडीत आहे. ऊन आहे. सकाळची वेळ.

पहाटे अन्नपूर्णाला सुरू झालं. रक्त गेलं. शाळेत जायची पिशवी खांद्याला तशीच होती, वही-पेन्सिल तिच्यात. मनकर्णाबाई गाडीपर्यंत आल्या, बसल्या नाहीत. मला म्हणाल्या, तुम्ही जा बाई. तुमाले बोलता येते.

दार बाहेरून लागलं.

निघालो तेव्हा अन्नपूर्णा शुद्धीत होती. म्हणाली, सांगा ना मामंजीले, लवकर चला म्हणा. मी काचेशी गेले. पडदा सरकवला. त्यांची पाठ दिसली. तोंड उघडलं —

तिने माझ्याकडे पाहिलं. मग स्वतः म्हणायला गेली. शिकवलेलं सगळं तिला पाठ होतं. ओठ हलले. मामं — एवढंच. आवाज नाही. तिनेही पदर ओढला.

मग ठोका सुरू झाला. दाराच्या पत्र्यावर. मला वाटलं, जनका. खाली पाहिलं तर माझा हात. डावा. बांगड्या फुटून पायाशी पडल्या आहेत.

गाडी थांबली. बॉनेट उघडलं.

निघाली. हात मांडीखाली दाबला, वर बसले. निघून आला. ठोकू लागला. गाडी थांबली.

पुन्हा.

काच फोडायला उजवा हात उगारला. जड झाला. लिहिण्यापुरता चालतो. पुढची पानं फाडून, मोठ्या अक्षरांत लिहून काचेला लावली. थांबू नका. ते काचेकडे पाठ करूनच उतरतात. मर्यादा.

अन्नपूर्णा आता बोलत नाही. हात गार. श्वास आहे. थोडा.

पुन्हा थांबलो. बॉनेट वर. बॉनेटखालच्या फटीतून दिसतात ते. माझी काठी. एक टोक इंजिनावर, एक कानाला. डोळे मिटलेले. मी ठोकते आहे. त्यांना ऐकू येतंय. मान हलवतात, शिकताना हलवत होते तशी —

आता कोणाचा हात आहे ते कळत नाही. एक नाही, दोन आहेत. पत्र्याच्या पलीकडून कोणीतरी —

ते उठले. इकडे येत आहेत. दाराशीच आले. हात लावला तर उघडेल. पाठ केली. विचारतात. त्रास होत असेल तर सांगावं.

सांगावं म्हणतात

अन्नपूर्णा, मी सांगते गं, थांब, मी